साल जाळावी की राखावी?

भाज्या घरी भाजण्यावरून आमच्याकडे दोन ठाम मतं आहेत. आई जळगावकडची. भाजणं म्हणजे भाजी थेट विस्तवावर टाकणं, मधे भांडं नको, असं तिचं म्हणणं. आत्याने पुण्यात शाळेत विज्ञान शिकवलं, ती फ्लॅटमध्ये राहते आणि तिच्या ओट्यावरचा ओव्हन जवळजवळ रोज तापतो. दोघी नणंद-भावजया एकमेकींना अहो-जाहो करतात, पण या विषयात अजून एकीनेही हार मानलेली नाही. दोघींचं म्हणणं लिहून काढावंसं वाटलं, कारण ग्रिल पॅन, एअर फ्रायर, ओटीजी आता पुष्कळ घरांत आले आहेत. बरोबरच्या पुस्तिकेतलं तापमान लावलं जातं आणि ट्रेमधून मऊ, ओलसर, फिकट भाजी बाहेर येते. महिन्याभरात ते यंत्र माळ्यावर जातं. दोष यंत्राचा नसतो. कोणती भाजी कशी भाजावी, हे आपण ठरवलेलंच नसतं.

बोलणं सुरू झालं ते अर्थातच भरतावरून.

आई: ताई, वांगं ओव्हनमध्ये ठेवलं की ते शिजतं. भाजत नाही. तुमच्याकडचं भरीत चवीला वाईट नव्हतं, पण भरीत म्हणावं असं त्यात काही लागलं नाही.

आत्या: वहिनी, शिजतं ते तुमच्या गॅसवरही. शंभर ग्रॅम वांग्यात नव्वद ग्रॅमहून जास्त पाणी असतं. तुम्ही ज्योतीवर धरता तेव्हा साल जळते, आतलं पाणी तापतं आणि त्या वाफेवर गर शिजतो. गराला ज्योत लागतच नाही.

आई: न लागेना. साल जळते ना? ती जळायलाच पाहिजे. ओव्हनमध्ये ती नुसती सुरकुतते. पाऊण तास ठेवलं तरी सोलताना चिवट लागते आणि वासाच्या नावाने काही नाही.

आत्या: वासाचं मी मान्य करते. घरातला ओव्हन दोनशे, फार तर अडीचशे अंशांपर्यंत जातो. गॅसची ज्योत हजार अंशांच्या बरीच वर असते. तेवढ्या उष्णतेत साल बघता बघता कोळसा होते, आणि गॅसवरच्या भरताला येणारा धुरकट वास हा त्या जळक्या सालीचा असतो. गॅसला स्वतःचा धूर नाही. त्यामुळे गॅसवर भाजलं म्हणजे शेतावरच्या भरताची चव आली, असंही म्हणता येणार नाही.

आई: ते मला सांगायला नको, मी त्याच चवीवर वाढले. आमच्याकडे तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्या पेटवतात. काड्यांचा जाळ भडकतो आणि लगेच खाली बसतो. वांगी ओळीने टाकायची, लांब काठीने फिरवत राहायची. जाळ गेला की खालच्या विस्तवावर ती निवांत होतात. ती चव गॅसवर येत नाही, खरं आहे. पण गॅसवर तिच्या जवळपास तरी जाता येतं. तुमच्या पेटीत त्या वाटेलाच जाता येत नाही.

आत्या: कारण तिथे लाकूड जळतं. लाकडात लिग्निन असतं, ते जळताना ग्वायकॉल, सिरिंगॉल असली संयुगं धुरात येतात. आपण ज्याला चुलीची चव म्हणतो तिच्यात त्यांचा मोठा वाटा. भाजलेल्या कॉफीच्या वासातही ग्वायकॉल असतं. ओव्हनमध्ये लाकूड नाही, जळकी सालही नाही. भरताच्या वांग्यापुरती मी माघार घेते.

आत्याने माघार घेतली तरी इथून पुढे सरकण्याआधी वांगं भाजण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण घरोघरी हेच काम घाईत उरकलं जातं. आई वांगं हातात घेऊन पाहते. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर घेते. जड वांग्यात बिया जास्त निघतात असा तिचा अनुभव आहे. धुऊन कोरडं पुसते, तेलाचं बोट फिरवते आणि सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचते. टोचलं नाही तर आत कोंडलेल्या वाफेने वांगं फुटतं आणि गर बर्नरवर उडतो. देठ काढत नाही, फिरवायला तोच हाताशी येतो. मग मध्यम आचेवर, जाळी ठेवून. आधी चकचकीत सालीचा तुकतुकीतपणा जातो, ती राखाडी होते, मग काळी, मग तिला भेगा पडतात. टोचलेल्या जागी फसफस सुरू होते आणि तपकिरी रसाचे थेंब दिसायला लागतात. बहुतेक जण इथे गॅस बंद करतात. आई करत नाही. देठाजवळचा गर सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून ती वांगं उभं धरून तो भाग ज्योतीत देते. चिमट्याने देठाखाली दाबलं आणि आत कुठेही टणक लागलं नाही, की मगच उतरवते.

उतरवल्यावर लगेच सोलायचं नाही. भांड्यात घालून वर झाकण, दहा मिनिटं. तेवढ्यात साल सुटते आणि जळक्या सालीचा वास गरात मुरतो. सोलताना जवळ वाटीभर पाणी असावं, बोटं बुडवायला. वांगं नळाखाली धरू नये. नळाखाली धरलं की साल भराभर निघते हे खरं, पण ज्यासाठी एवढा वेळ उभं राहिलो ते त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. पाणी सुटलं असेल तर गर पाच मिनिटं चाळणीत ठेवावा. सालीचे एक-दोन काळे कण राहिले तर राहू द्यावेत.

आई: आणि वांगं कुठलं, ते कोणी विचारतच नाही. शहरात मिळतं ते जांभळं, गोल. भरताचं वांगं आमच्याकडचं. लांबट, मोठं, फिकट हिरवं, पांढुरक्या रेघांचं. बियांना कमी, गराला भरपूर.

आत्या: जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे.

आई: २०१६ सालचं. पण आम्हाला मानांकनाआधीपासून बामणोदचं वांगं आणि आसोद्याचं वांगं ठाऊक. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. थंडी पडली की शेतावर भरताच्या पंगती बसतात. भाजलेला गर लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायचा. मिक्सर लावला की तो गिळगिळीत होतो. ठेचला की त्यात धागा राहतो. त्यात हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. टोमॅटो नाही. गरम मसाला नाही. आणि बरोबर कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची.

आत्या: वहिनी, यात अर्धं श्रेय वाणाचं आहे, आगीचं नाही.

आई: असू दे वाणाचं. चांगल्या वाणाला चांगली आग लागते.

आत्या: बरं, दहा-पंधरा पाहुणे जेवायला असले तर? दोन बर्नरवर आठ वांगी किती वेळ फिरवाल? मी ती ओव्हनमध्ये शिजवून शेवटी ज्योतीवर साल जाळते.

आई: उलट करा. आधी ज्योतीवर साल काळी करा, मग ओव्हनमध्ये आत शिजू द्या. शिजलेलं वांगं ज्योतीवर धरलं की ते पिचकतं आणि सगळा रस बर्नरच्या भोकांत जातो.

हा सल्ला आत्याने वहीत लिहून घेतला. पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी तो खरंच उत्तम आहे. साल आधीच जळलेली असल्याने वासही राहतो आणि ओव्हनमध्ये गर शांतपणे शिजतो.

पण भरीत ही एकच गोष्ट झाली. आत्याचा खरा मुद्दा पुढे आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण भरीत काही रोज होत नाही.

आत्या: आता तुमच्या ज्योतीवर फ्लॉवर भाजून दाखवा.

आई: फ्लॉवर कशाला भाजायचा? त्याला सोलायला साल नाही. ज्योतीवर धरला तर वरचे तुरे जळतील आणि आतला दांडा कच्चा.

आत्या: हेच तर! जिला टाकायची साल आहे ती भाजी तुमची. बाकीच्यांचं काय? फ्लॉवर, गाजर, लाल भोपळा, भेंडी, तोंडली, बीट? या सगळ्यांच्या नशिबी फोडणी आणि झाकण. झाकण ठेवलं की भाजी आपल्याच पाण्यात उकडते. म्हणून फ्लॉवरला तो उग्र वास येतो आणि मुलं नाक मुरडतात.

आई: ओव्हनमध्ये वेगळं काय होतं?

आत्या: पाणी उडून जातं. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या वर सरकत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की तापमान चढतं आणि एकशे चाळीसच्या आसपास भाजी रंग धरते. भाजीतली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळतात, त्यातून खमंग वासाची शेकडो संयुगं तयार होतात. लुई-कामीय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. पोळीला पडणारे डाग, शेंगदाण्याचा खमंगपणा, भाजलेल्या रव्याचा वास, सगळं तेच. आपण रवा भाजतो, दाणे भाजतो, खोबरं भाजतो, कांदा भाजतो. भाजीच तेवढी उकडतो.

आई: तुमच्या ट्रेमधून मी पांढराफटक फ्लॉवर बाहेर येताना पाहिलाय लोकांकडे.

आत्या: कारण ट्रे गच्च भरतात. एका गड्ड्याचे सगळे तुरे एकावर एक रचले की प्रत्येकाची वाफ शेजारच्याला लागते, आणि मग ते उकडणंच झालं. तुरे मोठेच कापावेत, एक बाजू सपाट येईल असे. धुतल्यावर फडक्यावर पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. अर्ध्या किलोला टेबलस्पूनभर तेल, हाताने चोळून. सपाट बाजू ट्रेला टेकवून एकाच थरात, मधे बोटभर जागा. ओव्हन आधी दोनशे वीसला नीट तापलेला हवा. पंचवीस ते तीस मिनिटं, मधे एकदा उलटायचं. पहिली दहा-बारा मिनिटं काचेवर नुसती वाफ दिसते, काहीच होत नाही असं वाटतं. त्याच वेळी लोक कंटाळून दार उघडतात आणि तापमान पाडतात.

आई: आणि तिखट-मसाला?

आत्या: शेवटच्या पाच मिनिटांत. तिखट, धने-जिऱ्याची पूड, लसूण, सगळं बारीक असतं, भाजीआधी जळतं आणि कडवट होतं. मीठ आधी चालेल, पण लावून ठेवू नये. मीठ पाणी बाहेर ओढतं. लावलं की लगेच ट्रे आत.

भेंडीबद्दल आत्याचं बोलणं ऐकताना आईचाही चेहरा बदलला. भेंडी चिरायची नाही. अख्खी, पुसून खडखडीत कोरडी केलेली, तेल-मीठ लावून दोनशे अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. चिरच नाही, त्यामुळे बुळबुळीतपणा बाहेर यायला वाट नाही. साल आक्रसते, टोकं काळपट होतात आणि आत बिया मऊ शिजतात. वर लिंबू आणि थोडा चाट मसाला. कढईतल्या भेंडीला जेवढं तेल लागतं त्याच्या पावपट तेलात हे होतं. मी भेंडी आता अशीच करते.

इथे आईने एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तो या सगळ्या चर्चेतला सर्वांत खरा प्रश्न आहे.

आई: ताई, ही भाजी ताटात वाढायची कुठे? पोळीशी कशी खायची?

आत्या: म्हणजे?

आई: म्हणजे बघा. आपली सुकी भाजीसुद्धा पूर्ण कोरडी नसते. फोडणीचं तेल असतं, ओलं खोबरं नाहीतर दाण्याचं कूट असतं, बटाटा थोडा मोडलेला असतो. पोळीच्या घासात ती धरून राहते. हा तुमचा फ्लॉवर घासात घेतला की खाली पडतो. वेगळा खाल्ला तर पोळी कोरडी राहते. खायला चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो चहाबरोबरचा पदार्थ झाला. जेवण झालं नाही.

आत्या: वरण-भाताशी खा. आमटी-भाताशी खा. तिथे तोंडी लावायला कोरडं, खमंगच काहीतरी लागतं. पापड, कुरडई तळण्यापेक्षा भाजलेली भेंडी काय वाईट?

आई: वरण-भाताशी चालेल. पोळीचा डबा मात्र याने भरत नाही.

मी या बाबतीत आईच्या बाजूने आहे. मराठी जेवण पोळी-भाकरीच्या घासाभोवती बसवलेलं आहे, आणि भाजलेली भाजी त्या घासाला धरत नाही. परदेशी पाककृती जशीच्या तशी उचलून डब्यात घातली की मुलं डबा परत आणतात, त्यामागे हेच कारण. आपल्याकडे भाजणं ही एखाद्या पदार्थाची पहिली पायरी असते. भाजलेलं वांगं ठेचून भरीत होतं, भाजलेली मिरची ठेचा होते, भाजलेला कांदा वाटणात जातो, भाजलेला टोमॅटो चटणीत. भाजलेलं नुसतंच, तसंच्या तसं खायचं ते शेतावर किंवा रस्त्यावर: कणीस, हुरडा, ओल्या शेंगा. तेव्हा ओव्हनमधून निघालेल्या भाजीपुढेही एक पायरी ठेवली, तर ती आपल्या ताटात सहज बसते. लाल भोपळ्याने हे आईलाही पटलं.

आत्या: भोपळ्याचं दह्यातलं भरीत तुम्ही कसं करता?

आई: फोडी वाफवून, मोडून, दही, मिरची, कोथिंबीर, वर मोहरी-हिंगाची फोडणी. तासाभराने दही पातळ होतं, तेवढी एक खोड आहे.

आत्या: वाफवलेल्या भोपळ्यात पाणी राहतं, म्हणून. फोडी सालीसकट दोनशे अंशांवर कडा तपकिरी होईपर्यंत भाजा, मग साल काढून मोडा. पाणी उडालेलं असतं, गोडी दाटते, दही घट्ट राहतं.

त्या संध्याकाळी तसं करून पाहिलं. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाली, आता वाफवणार नाही.

रताळ्याबाबत दोघींचं भांडण नाही, म्हणून थोडक्यात. आई ते राखेत पुरते, आत्या ओव्हनमध्ये अख्खं ठेवते, आणि दोन्हीकडे ते मधुर होतं. रताळ्यात एक विकर असतं. साधारण साठ ते पंचाहत्तर अंशांच्या टप्प्यात ते स्टार्चचं माल्टोज साखरेत रूपांतर करतं. राखेत किंवा ओव्हनमध्ये रताळं हळूहळू तापतं, त्या टप्प्यात पुष्कळ वेळ राहतं, म्हणून गोड होतं. मायक्रोवेव्हमध्ये तो टप्पा झपाट्याने ओलांडला जातो आणि रताळं मऊ झालं तरी पिठूळच लागतं. एकादशीला घाई करू नये. साल ठेवावी, तास द्यावा.

कांद्यावर मात्र दोघी पुन्हा अडल्या.

आई: खानदेशी काळ्या वाटणाचा कांदा सालीसकट निखाऱ्यात गेला पाहिजे. बाहेरचे दोन पापुद्रे कोळसा, आतला गर मऊ. गॅसवर जाळी ठेवून होतो, वेळ लागतो एवढंच. ओव्हनमधला कांदा गोड होतो. शेवभाजीला गोड कांदा नको, थोडा जळका कडवटपणा हवा.

आत्या: गोडा मसाला घातलेल्या आमटीला तो गोड कांदाच छान लागतो.

आई: लागेल. ती आमटी तुमची.

बोलता बोलता आईने फ्लॅटच्या गॅलरीत कोळशाची शेगडी ठेवायचा विचार बोलून दाखवला, आणि आत्याचा आवाज चढला.

आत्या: नाही वहिनी. मोकळ्या अंगणात हरकत नाही. बंद गॅलरीत, स्वयंपाकघरात अजिबात नको. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या यामुळेच.

आई: चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका मी पाहिल्यात. डोळे लाल, खोकला कायमचा. घरातली चूल गेली ते चांगलंच झालं. मी शेतातल्या उघड्यावरच्या आगीबद्दल बोलते.

आत्या: मग आपलं एकमत आहे. गॅसवर भाजतानाही खिडकी उघडी हवी, एक्झॉस्ट चालू हवा.

आई: आणि काळं झालेलं खाऊ नये म्हणतात, त्याचं काय? तुमच्या बटाट्याच्या कडा काळ्या होतात.

आत्या: त्या मी काढून टाकते. पिठूळ पदार्थ एकशे वीस अंशांच्या वर कोरडे भाजले किंवा तळले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होतं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते अन्नात असल्याचं दाखवून दिलं. प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत ते कर्करोगाला कारण ठरलं आहे. म्हणून बटाटा सोनेरी झाला की काढायचा, तपकिरीच्या पुढे न्यायचा नाही. तुमच्या वांग्याची काळी साल टाकूनच दिली जाते, त्यामुळे तिथे ती भीती कमी.

आई: बघा, साल जाळायचा हा आणखी एक फायदा.

ओव्हनला वीज फार लागते हे आईचं गणित चुकीचं होतं, तेही सांगायला हवं. दीड हजार वॉटचा ओव्हन, तापवण्यासह चाळीस मिनिटं सलग चालला असं धरलं तरी एक युनिट होतं. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधे मधे बंद करत राहतो, म्हणून त्याहून कमी. एअर फ्रायर म्हणजे जोराचा पंखा लावलेला छोटा ओव्हनच. हवा खेळती असल्याने तो पाणी लवकर उडवतो आणि दोघा-चौघांच्या घराला पुरतो. नियम तोच: जाळी अर्धीच भरावी. यांपैकी काहीच नसेल तर बिडाचा जाड तवा खणखणीत तापवून त्यावर भाजी एका थरात, झाकण न ठेवता आणि सारखं न ढवळता भाजावी. तोंडली, गाजर, ढोबळी मिरची तव्यावर सुरेख होतात.

या दोन वाटांपलीकडे एक तिसरीही आहे, आणि ती आपल्याच किनाऱ्यावर. रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी आणि वर भांबुर्डीचा पाला, मधे वालाच्या शेंगा, बटाटे, जाडं मीठ, ओवा. थेंबभरही पाणी नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. शेंगा आपल्याच टरफलात, पाल्याच्या वासात शिजतात. घरातल्या गॅसवर पोपटीचे प्रयोग मी खाल्लेले आहेत. ती वालाची उकडलेली शेंग होते, बाकी काही नाही. पोपटी अलिबाग, पेण, रोह्याकडच्या मोकळ्या माळावरच खावी.

मला विचाराल तर हिशेब सोपा आहे. जी साल फेकायची आहे, ती जाळून घ्या: भरताचं वांगं, वाटणाचा कांदा, चटणीचा टोमॅटो, सोलून खायची ढोबळी मिरची. जी साल खायची आहे किंवा जिथे सालच नाही, तिथे भाजी कोरडी करा, मोकळी पसरा आणि ओव्हनला किंवा तव्याला पुरेसा वेळ द्या. ग्रिल पॅनवर नुसत्या रेघा उमटतात. त्या रेघांसाठी वेगळं भांडं घेण्यात पैसे घालू नका. आईला हा हिशेब अर्धाच मान्य आहे, कारण तिच्या मते फ्लॉवर अजूनही रस्स्यातच शोभतो.

जळगावकडची हिरवी वांगी थंडीत पुण्या-मुंबईच्या बाजारातही येतात. भाजीवाल्याकडे दिसली तर जांभळ्यांकडे न वळता तीच घ्या, घरी आल्यावर फ्रिजमध्ये कोंबू नका, आणि त्याच दिवशी भाजा.